आमच्या नावावरच्या गाड्या

ते साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. त्या वर्षी मुलगी कॉलेजात गेली, घरात पहिल्यांदा टेलिफोन आला, आणि एक पैसाही न देता आम्ही चार उंची गाड्यांचे मालक झालो. पहिल्या दोन गोष्टींचा आनंद तिसरीने खाऊन टाकला. आज इतकी वर्षं उलटली, तरी ते दिवस आठवले की माझं डोकं तापतं, आणि ते थंड व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

आमचं गॅरेज घराखालीच होतं. खाली पत्र्याची मोठी शेड, वर दोन खोल्या. खालून थिनरचा वास यायचा आणि वरून माझ्या फोडणीचा खाली जायचा. हे जुन्या गाड्या नव्या करायचे. जुन्या म्हणजे कुठल्याशा गोदामात सडलेल्या, ज्यांच्या आत उंदरांनी संसार थाटलेत अशा. अशी गाडी दोरीने ओढत यायची आणि वर्ष-दीड वर्षाने आपल्या चाकांवर जायची. मधल्या काळात गंज खरवडणं, पत्रा ठोकणं, पुट्टी भरून घासणं, रंगाचे हात देणं, इंजिन सगळं सुटं करून पुन्हा जुळवणं. आतल्या गाद्या मी शिवायचे. चामडं शिवायचं जड मशीन होतं माझं. त्याची सुई बोटातून आरपार गेल्याची खूण अजून आहे. लोक म्हणायचे, "मिस्त्रींनी काय गाडी बनवलीय!" आणि ते म्हणताना बसलेले असायचे माझ्या टाक्यांवर.

आता या धंद्यात एक रीत होती. अशी मेलेली गाडी कुणी विकत घेतली, की नोंदणीच्या ऑफिसात खेपा सुरू. इंजिन बदललं, या. रंग बदलला, या. पासिंगला गाडी आणा, मालकाने जातीने हजर राहा. मोठ्या माणसांना रांगेत उभं राहायला कुठला वेळ? म्हणून गाडी कामाला आली की ती तात्पुरती मिस्त्रीच्याच नावावर करून टाकायची. सगळ्या खेपा मिस्त्री घालणार. काम पुरं झालं की गाडी पुन्हा गिऱ्हाइकाच्या नावावर. यांच्या उस्तादापासून हे असंच चालत आलेलं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पण ती चार गिऱ्हाइकं वेगळी निघाली. दातांचे डॉक्टर, त्यांची हिरवी, टप उघडणारी गाडी. सराफ, त्याची लांबलचक काळी. इमारतींचा कंत्राटदार, त्याची पांढरी. आणि चौथी, लहानशी लाल, यांच्या सख्ख्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या दिरांची. भाऊजी वकील होते. बाकीचे तिघेही त्यांच्याच ओळखीने आलेले. गाड्या झाल्या, रस्त्यावर धावू लागल्या, पण नावावर करून घ्यायला एकही जण तयार नाही. "राहू दे हो मिस्त्री, नंतर बघू." गाड्या आमच्याच शेडमध्ये. रविवारी सकाळी यायचं, ऐटीत फेरी मारायची, दुपारी आणून लावायच्या. जागेचं भाडं विचारायची सोय नव्हती.

"अहो, झाल्या ना गाड्या? मग घेऊन जायला सांगा की," मी म्हणायचे.

"म्हणतात, घाई काय आहे?"

"घाई त्यांना नसेल. शेड आपली अडलीय. दुसरं काम कुठे घेणार, गच्चीवर?"

"अगं, एवढी मोलाची वस्तू डोळे मिटून माझ्या नावावर ठेवतात. असा विश्वास मिळतो का कुणाला?"

आणि यांची मान इंचभर वर व्हायची. त्या विश्वासावर हा माणूस जेवणाशिवाय राहिला असता.

मग एक दिवस करखात्यातल्या बाई आल्या. वय असेल माझ्या धाकट्या बहिणीएवढं. पायात झिजलेल्या चपला, खांद्याला पिशवी, चेहरा असा की याला हसायला कुणी शिकवलंच नाही. हे गाडीखाली होते. बाई वाकल्या आणि यांच्या पायांशी बोलल्या.

"या गाड्या कुणाच्या?"

"गिऱ्हाइकांच्या," गाडीखालून उत्तर आलं.

"नोंदणीत तुमच्या आहेत."

हे सरकत बाहेर आले. बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. खात्याने यंदा नोंदणीच्या ऑफिसातून नावं मागवली होती. कुणाच्या नावावर कसली गाडी आहे आणि तो माणूस उत्पन्न किती दाखवतो, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. ज्याचा मेळ बसत नाही त्याच्या दारात जायचं. "या भागात सगळ्यात वर तुमचं नाव आलंय."

"कुणाच्या वर?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या. कापड गिरणीच्या मालकाच्यासुद्धा."

मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत.

"अहो, यांचे हात तरी बघा," मी म्हणाले. नखांपासून कोपरापर्यंत काळे, वंगणाने भरलेले.

"हात बघून कर ठरवता आला असता तर माझं काम फार सोपं झालं असतं," त्या म्हणाल्या. मग यांच्याकडे वळल्या. "ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी येऊन तसं सांगावं. नाहीतर एवढं उत्पन्न तुम्ही लपवलंत असं मी धरणार. कर, वर दंड. भरला नाहीत तर ही शेड आणि वरचं घर जप्त होईल."

त्या गेल्यावर हे म्हणाले, "काही नाही. चौघांना सांगितलं की झालं. येऊन सांगतील." आणि पुन्हा गाडीखाली शिरले. मी मात्र वर जाऊन माझ्या दोन खोल्यांत नुसती फिरत राहिले.

पहिले गेलो डॉक्टरांकडे. मी हट्टाने बरोबर गेले. डॉक्टर एकाच्या दाढेत गुंतलेले होते, त्यांनी आम्हाला तिथेच आत बोलावलं. यांनी टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं.

"कुठली गाडी?" डॉक्टर दाढेतच बघत म्हणाले.

"हिरवी. टप उघडणारी. परवाच्या रविवारी तलावापर्यंत नेली होतीत."

"मिस्त्री, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

खुर्चीतल्या पेशंटने डोळे फिरवून आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ती गाडी त्यानेही पाहिलेली असणार. कुणी पाहिली नव्हती? पण तोंडात कापूस कोंबलेला, बोलणार काय? आमच्या शहरात तेव्हा बऱ्याच जणांच्या तोंडात असाच कापूस होता.

सराफाने दुकानात पाऊल टाकू दिलं नाही. पायरीवरच हलक्या आवाजात म्हणाला, "मिस्त्री, गिऱ्हाइकी चालू आहे. असले विषय इथे नकोत. आणि वहिनींना घेऊन कशाला फिरता?" जणू मी शेपूट होते. कंत्राटदार तर कधी भेटलाच नाही. गेलं की तो साइटवर, साइटवर गेलं की तो घरी, घरी फोन केला की तो अंघोळीला. इतका स्वच्छ माणूस मी जन्मात पाहिला नाही.

भाऊजी आपणहून घरी आले. बरोबर मजकूर टाइप केलेला कागद घेऊनच.

"दादा, तू यावर सही कर. गाड्या तू भंगारात घेतल्यास, फावल्या वेळात छंद म्हणून केल्यास, असं लिहिलंय. कर लागेल तो लागेल. आम्ही चौघं मिळून गुपचूप तुझ्या हातात आणून देऊ."

"एक गाडी तुमची आहे ना, भाऊजी? तेवढं तरी जाऊन सांगा," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही. एक गाडी कबूल केली की ती कशातून घेतली ते विचारतील. मग घर कशातून बांधलं, प्लॉट कशातून घेतला. धागा ओढला की सगळंच उसवतं."

"आणि आमचं उसवलं तर?"

"आम्ही भरतोय ना पैसे!"

"मग तसं लिहून द्या."

"घरातल्या घरात लिहून काय द्यायचं?"

"घरातल्या घरात यांची सही बरी चालते तुम्हाला."

भाऊजी यांच्याकडे वळले. "दादा, वहिनींना जरा आत पाठव."

"आत कुठे पाठवू?" हे म्हणाले. "घर एवढंच आहे."

भाऊजी गेले. कागद टेबलावर ठेवून गेले. हे खुर्ची ओढून त्याच्यापुढे बसले आणि मुलीचं पेन मागितलं.

आमच्या लग्नाला तेव्हा वीस वर्षं होत आली होती. त्या दिवशी मी जे बोलले ते त्याआधी कधी बोलले नव्हते. "तुम्ही सही करा आणि खुशाल रस्त्यावर बसा. पण मी बसणार नाही. तो सख्खा भाऊ तुम्हाला ढाल म्हणून पुढे करतोय आणि तुम्ही त्याला विश्वास म्हणताय!"

"त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला गं."

"भरवसा नाही ठेवला, गाड्या ठेवल्यात. आपल्या छपराखाली."

"माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"तुमच्या आहे. त्यांच्या शब्दाला आहे का, ते सांगा."

मी तो कागद उचलला, गॅस पेटवला आणि त्यावर धरला. हे बघत राहिले. अडवलं नाही, पण शाबासही म्हणाले नाहीत. रात्री जेवलेही नाहीत.

बाईंना यांनी चौघांची नावं पहिल्याच दिवशी सांगितली होती. त्यांनी चौघांनाही बोलावणं धाडलं. एका लांबट खोलीत, भिंतीला लावलेल्या बाकावर आम्ही सगळे ओळीने बसलो. पंखा फिरताना खाडखाड वाजत होता. एकेकाने उठायचं, बाईंच्या टेबलापाशी जायचं, शपथ घ्यायची. सगळं आमच्या कानावर पडत होतं. तिकडे पडदा नव्हता, आणि त्या चौघांना लाजही नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "मला तर गाडी चालवताच येत नाही."

सराफ म्हणाला, "मिस्त्री तसा माणूस बरा आहे, पण छंदिष्ट. पैसा कुठून आणतो, देव जाणे."

कंत्राटदार म्हणाला, "मी यांना ओळखतच नाही." आमच्यापासून चार हातांवर उभं राहून.

मग भाऊजी उठले. ते वकील, शब्द तोलून बोलणारे. "दादाला लहानपणापासून गाड्यांचं वेड. त्यात वहिनींना मिरवायची हौस. लाल गाडी म्हणाल तर, मी ती पाहिलेलीसुद्धा नाही."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी, आणि मिरवणार! त्या गाडीत मी बसले ती फक्त गादी ताणून बसवायला. पण हे माझ्यासारखे फणफणले नाहीत. त्यांचा चेहरा नुसता उतरला. लाल गाडीची मजुरी त्यांनी भावाकडून घेतली नव्हती. तिचं पुढचं दार बाजारात मिळेना, तर सपाट पत्र्यातून हाताने ठोकून घडवलं होतं. गाडी तयार झाली त्या दिवशी त्या दाराला टेकून भाऊजींनी फोटो काढून घेतला होता. आणि आता म्हणे पाहिलेलीसुद्धा नाही.

चौघांनी सह्या केल्या. मी उठून टेबलापाशी गेले. हे मागून "अगं, अगं" करत होते.

"बाई, या चौघांच्या नाहीत म्हणजे गाड्या आमच्या?"

"त्यांच्या जबानीप्रमाणे आणि नोंदणीप्रमाणेही, तुमच्याच."

"मग आम्हाला त्या विकता येतील?"

बाईंनी पेनला टोपण लावलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"स्वतःची वस्तू विकायला कुणाची परवानगी लागत नाही. विकून कर भरणार असाल तर तसं मला कळवा, जप्ती मी थांबवते."

"वहिनी!" भाऊजी ओरडले.

"काय झालं, भाऊजी? न पाहिलेल्या गाडीचं एवढं वाईट का वाटतंय?"

घरी येताना हे चार पावलं पुढे चालत होते. जिन्यात म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू मी विकणार नाही. राहिलं घर तर राहिलं, गेलं तर गेलं." मी तोंड उघडलं असतं तर शेजारीपाजारी गोळा झाले असते. गाड्या यांच्या नावावर, सही यांची लागणार. माझ्या हातात होता फक्त माझा राग.

रविवारी सकाळी चौघेही आले. एरवी वेगवेगळ्या वेळी यायचे, त्या दिवशी एकत्र आले आणि घाईत होते. गाड्या आमच्याकडून हलवून कुठेतरी लांब दडवायच्या, मग मिस्त्री विकणार काय आणि खातं जप्त करणार काय? कर मात्र आमच्याच डोक्यावर राहणार होता. मी जिन्यातून धावत खाली आले. हे शेडच्या दारात उभे होते, हात मागे बांधून. चाव्या नेहमीप्रमाणे गाड्यांनाच लटकत होत्या. यांनी कुणाला अडवलं नाही. मला वाटलं, संपलं.

डॉक्टर हिरव्या गाडीत बसले, चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि गप्प. पुन्हा घरघर, पुन्हा गप्प. सराफाची काळी तशीच. पांढरी खोकली आणि बसली. लाल गाडीत भाऊजी चावी पिळत होते, कान पिळावा तशी. चार उंची गाड्या, चार मोठी माणसं, आणि शेडमध्ये नुसती घरघर.

"मिस्त्री, काय झालंय हिला?" डॉक्टर घामाघूम होऊन म्हणाले.

"अहो डॉक्टर, तुम्हाला चालवता येत नाही ना! शपथेवर सांगितलंत की," मी म्हणाले.

यांनी मागचा हात पुढे केला आणि मूठ उघडली. तळहातावर चार काळे तुकडे होते, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडे मोठे. इंजिनाच्या ठिणगीची वाटणी करणारा रोटर म्हणतात तो. तो काढला की गाडी ढिम्म हलत नाही. सकाळी मी उठण्याआधीच खाली जाऊन यांनी चारही काढून ठेवले होते.

"दे इकडे, दादा," भाऊजी म्हणाले. "चेष्टा पुरे."

"गाडी कुणाची आहे?" यांनी विचारलं.

"माझी, दुसरी कुणाची!"

"उद्या बाईंसमोर एवढंच म्हण. मी स्वतः बसवून देतो."

भाऊजींनी मान फिरवली. यांनी एकेकाला तेच विचारलं. शेडमध्ये जो तो म्हणत होता, गाडी माझी. बाईंसमोर मात्र कुणाचीच नव्हती. डॉक्टर तर चिडून म्हणाले, "मिस्त्री, हा विश्वासघात आहे."

यांचा आवाज मी उभ्या आयुष्यात कधी चढलेला ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही शपथ घेऊन बोललात. मी फक्त तुमचा शब्द खरा करतोय." आणि मूठ मिटून खिशात घातली.

चौघे चालत गेले. आमच्या रस्त्यावर त्यांना चालताना लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल.

गाड्या विकल्या. परगावच्या एका व्यापाऱ्याने चारही एकदम घेतल्या, आणि आमची नड ओळखून भाव पाडूनच घेतल्या. कर आणि दंड भरून जे उरलं त्यात शेडचे पत्रे बदलले, बस्स. चौघांपैकी एकालाही तक्रार करायला जागा नव्हती, कशाबद्दल करणार? न पाहिलेल्या गाडीबद्दल? पण माझा राग त्याने निवला नाही. हिशेब बघा की. उत्पन्न दडवलं त्यांनी, कर भरला आम्ही, आणि खात्याच्या दप्तरात करबुडव्या म्हणून नाव लागलं ते एका मिस्त्रीचं. आणि त्या चौघांनी शहरभर सांगितलं की मिस्त्री गाड्या लाटतो. जुनी गाडी घेऊन पुन्हा कुणी आमच्या दारात आलं नाही.

कंत्राटदाराने पुढे शाळेची इमारत बांधली, तिच्या भिंतीवर त्याच्या नावाची फरशी आहे. पहिल्या चार वर्षांतच गच्ची गळायला लागली, फरशी मात्र चकचकीत राहिली. सराफाचं दुकान एकाचं तीन झालं. तो शेवटपर्यंत सुखात जगला, हे मला लिहावं लागतंय याचाच मला संताप येतो. डॉक्टर सापडले. बाईंनी पुढच्या वर्षी जमिनींच्या नोंदी मागवल्या, त्यात त्यांचं डोंगरावरचं घर निघालं, ते सासूच्या नावावर होतं. सासूने सरळ सांगून टाकलं की जावयाचं आहे. म्हातारी खमकी होती, मला फार आवडली. त्यानंतर बाईंनी कंत्राटदाराच्या नोंदी मागवल्या आणि महिन्याच्या आत त्यांची बदली झाली, दूर कुठेतरी मिठाच्या गोदामांवर. एकदा त्यांचं पोस्टकार्ड आलं होतं, ख्यालीखुशाली विचारणारं. मी उत्तर पाठवलं, ते परत आलं.

हे पुढे मालवाहू टेम्पो दुरुस्त करायचे. चांगलं चाललं, मुलीचं शिक्षण झालं. पण हाताने पत्रा घडवणं त्यांनी सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, आता डोळे साथ देत नाहीत. डोळे उत्तम होते त्यांचे. अकरा वर्षांपूर्वी गेले. माझं मशीन मुलीने नेलं. ती चामड्याच्या पिशव्या शिवते, माझ्यापेक्षा बारीक टीप घालते.

भाऊजी अजून आहेत. हे असेपर्यंत दोघं भाऊ एकमेकांच्या दारात गेले नाहीत. मागच्या वर्षी भाऊजी काठी टेकत आमचा जिना चढून आले. बसले, दम खाल्ला, म्हणाले, "वहिनी, झालं गेलं सोडून द्यायला हवं आता. आपली वयं झाली."

मी त्यांना चहा दिला. कप रिकामा होईपर्यंत समोर बसले. मग जिन्याचा दिवा लावला, कारण पायऱ्या अरुंद आहेत, आणि ते खाली पोहोचल्यावर दार लावून घेतलं.